भुताचा सल्ला, हवामानाचा अंदाज

परदेशात नेमलेल्या मुत्सद्द्याने खबर कुठून काढावी, याला काही नियम नाही. कुणी मेजवान्या झोडून काढतो, कुणी क्लबात पत्ते कुटून, कुणी दुसऱ्याचा ड्रायव्हर फितवून. दुसऱ्या महायुद्धात डब्लिनमध्ये असलेले अमेरिकेचे राजदूत डेव्हिड ग्रे यांनी या विद्येत मोलाची भर घातली. त्यांनी भुतांना विचारलं.

ही अतिशयोक्ती नव्हे. ग्रे यांचा परलोकविद्येवर विश्वास होता. जेराल्डिन कमिन्स ही त्या काळची नामांकित माध्यम त्यांच्यासाठी बैठकीला बसे आणि परलोकातले निरोप कागदावर उतरत. निरोप धाडणाऱ्यांत आर्थर बाल्फोर असत. ब्रिटनचे माजी पंतप्रधान, १९३० साली वारलेले. हयातीत त्यांनी आयर्लंडचा कारभार असा हाकला होता की तिथले लोक त्यांना ‘खुनी बाल्फोर’ म्हणत. आयर्लंडबद्दल निःपक्षपाती मत हवं असेल, तर याहून लायक भूत मिळणं कठीण. आयरिश सरकारचा ग्रे यांना जो संशय होता, तो बाल्फोर यांच्या आत्म्यालाही होता. भुतांचं हे एक बरं असतं. विचारणाऱ्याच्या मनात असतं तेच ती बोलतात. पुढे हे काम सल्लागार कंपन्यांनी घेतलं.

ग्रे यांची पात्रताही पाहून घेऊ. ते लेखक होते, नाटककार होते आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांच्या मावशीचे यजमान होते. म्हणजे रूझवेल्टचे मावससासरे. सत्तरीला टेकलेल्या मावससासऱ्यांना एखादी निवांत, हिरवीगार, घोड्यांच्या शर्यतींची जागा द्यावी, एवढाच विचार असावा. १९४० च्या एप्रिलमध्ये ते डब्लिनला पोचले. महिन्याभरात पश्चिम युरोप कोसळला आणि निवांत जागेचे दिवस संपले.

तेव्हा तटस्थ असण्याचा भाव काय चालला होता, तेही बघा. त्या एप्रिलमध्ये जर्मनीने तटस्थ डेन्मार्क आणि तटस्थ नॉर्वेवर झडप घातली. १० मे रोजी तटस्थ हॉलंड, बेल्जियम आणि लक्झेंबर्गची पाळी आली. त्याच १० मे रोजी ब्रिटिश सैनिक तटस्थ आइसलंडमध्ये उतरले, तेही न विचारता. नुकसानभरपाईचं आश्वासन दिलं आणि तिथेच मुक्काम ठोकला. म्हणजे तटस्थतेचा आदर करण्याच्या बाबतीत उडदामाजी काळंगोरं निवडायला फारसा वाव नव्हता.

आणि आयर्लंडकडे काय होतं? तीस लाखांच्या आतली वस्ती, तुटपुंजं सैन्य आणि नौदलाच्या नावाने दोन गस्ती बोटी. त्यांतली एक ‘मुइरखू’. तिचं आधीचं नाव ‘हेल्गा’. १९१६ च्या ईस्टर उठावात ब्रिटिशांनी याच बोटीवरून डब्लिनवर तोफा डागल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर तीच नाव बदलून आयरिश ताफ्यात आली. ज्यांच्या आरमारातली अर्धी ताकद म्हणजे आपल्यावरच तोफा डागलेली एक जुनी बोट, त्यांनी हिटलरला ललकारावं, अशी ग्रे यांची अपेक्षा होती.

त्यातून पंतप्रधान होते एमन डी व्हॅलेरा. १९१६ च्या उठावाबद्दल मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेलेला आणि वाचलेला माणूस. गणिताचा मास्तर. १९३८ साली त्यांनी तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांच्याशी करार करून कोव्ह, बेरहेवन आणि लॉख स्विली ही ब्रिटिशांच्या ताब्यातली तीन बंदरं परत मिळवली होती. चर्चिल तेव्हा सरकारबाहेर होते आणि या करारावर भयंकर चिडले होते. पुढे अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटिश जहाजं बुडवायला सुरुवात केल्यावर तो राग दर जहाजागणिक वाढत गेला. रागाला कारण होतं, हे मान्य करायलाच हवं. पण आधीच्या वर्षी सही करून दिलेलं बंदर पुढच्या वर्षी परत मागायचं आणि नाही म्हटलं की समोरच्याला नीतिभ्रष्ट ठरवायचं, हा हिशेब डी व्हॅलेरांना पटला नाही.

१९४० च्या जूनमध्ये लंडनहून माल्कम मॅकडोनल्ड एक प्रस्ताव घेऊन आले. तुम्ही आमच्या बाजूने या, आयर्लंडची फाळणी रद्द करण्याचं आम्ही तत्त्वतः मान्य करतो. उत्तर आयर्लंडच्या ज्या बेलफास्टमधल्या सरकारला विलीन व्हावं लागणार होतं, त्याला विचारलेलंच नव्हतं. ‘तत्त्वतः मान्य’ची किंमत मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. डी व्हॅलेरांनाही लागली नाही. त्यांनी नकार दिला.

आता जरा आपल्याकडे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरला असल्याचं परस्पर जाहीर केलं. एका हिंदी माणसाला विचारलं नाही. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईतलं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळही त्यात गेलं. आपली लाखो पोरं पुढे आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात लढली. त्यांच्या शौर्याबद्दल वाद नाही, निर्णय मात्र आपला नव्हता. आयर्लंड तेव्हा कागदोपत्री राष्ट्रकुलातच होता. तरीही त्याने स्वतः ठरवलं. युद्धात उतरायचं की नाही हे आपल्या घरात बसून ठरवता येणं, हीच डी व्हॅलेरांच्या लेखी स्वातंत्र्याची खरी कसोटी होती. निवड चूक की बरोबर, यावर वाद घालता येईल. पण आपल्याला तेव्हा चूक करण्याचीही मुभा नव्हती.

ग्रे यांना हे कळलं नाही. त्यांच्या मते जग दोन रंगांचं होतं आणि आयर्लंडने रंग निवडायला हवा होता. मौज अशी, की डब्लिनमधले पहिले वीस महिने ते हा उपदेश ज्या देशाच्या वतीने करत होते, तो देश स्वतः तटस्थ होता. अमेरिका युद्धात आली पर्ल हार्बरवर बॉम्ब पडल्यानंतर. जर्मनीविरुद्ध तर हिटलरनेच आधी युद्ध पुकारल्यानंतर. नीतिमत्तेलाही तारीख असते. आपल्या कॅलेंडरात ती उगवेपर्यंत तटस्थता हा शहाणपणा असतो, उगवल्यावर तो भेकडपणा होतो.

पर्ल हार्बरच्या रात्री चर्चिलनाही भरतं आलं. त्यांनी मध्यरात्री डी व्हॅलेरांना तार केली. ‘आता नाही तर कधीच नाही’ अशा थाटाची, वर एका आयरिश देशभक्तिगीताचं ध्रुवपद जोडलेली. ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन मॅफी ती घेऊन पहाटे दोनच्या सुमारास दारात हजर झाले. तीत एकीकरणाचं वचन आहे की नुसतीच झिंग आहे, हे त्या घटकेला कुणालाच सांगता येईना. दिवस उजाडल्यावर झिंगच निघाली.

हे मॅफी म्हणजे वेगळं रसायन. तरुणपणी हिंदुस्थानात होते, वायव्य सरहद्द प्रांताचे चीफ कमिशनर झाले होते. डोंगरातल्या टोळीवाल्यांशी बोलताना आवाज चढवला की दरी वाढते, हे ते तिथेच शिकून आले असावेत. डब्लिनमध्ये त्यांनी फारसा उपदेश केला नाही. ते चहा प्यायले, ऐकून घेतलं आणि एकेक गोष्ट पदरात पाडून घेतली.

काय काय पडलं, ते पाहा. उत्तर आयर्लंडमधल्या लॉख अर्न सरोवरावरून उडणाऱ्या ब्रिटिश विमानांना अटलांटिक गाठण्यासाठी फार मोठा वळसा पडे, कारण मध्ये आयर्लंडची चारेक मैलांची पट्टी होती. १९४१ च्या आरंभी डी व्हॅलेरांनी त्या पट्टीवरून उडायला गुपचूप परवानगी दिली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याच सरोवरावरून उडालेल्या कॅटलिना विमानाने ‘बिस्मार्क’ ही पळ काढणारी जर्मन युद्धनौका हुडकली आणि दुसऱ्या दिवशी ती समुद्राच्या तळाशी गेली. आयर्लंड तटस्थच राहिला. त्याने फक्त मान वर करून आकाशाकडे पाहिलं नाही.

आयर्लंडमध्ये उतरलेल्या परकी वैमानिकांना नियमाप्रमाणे नजरकैदेत ठेवायचं असे. किल्डेअर परगण्यातल्या छावणीत जर्मन आणि दोस्त वैमानिक शेजारी शेजारी राहत, मध्ये पत्र्याचं कुंपण. दोघांनाही वचनावर बाहेर सोडत. दारूच्या गुत्त्यात जा, शर्यती बघा, रात्री परत या. ब्रिटिश हवाई दलातला बड वुल्फ हा अमेरिकी वैमानिक १९४१ च्या डिसेंबरात वचन मोडून थेट बेलफास्टला पळाला. ब्रिटिशांनी त्याला पकडून पुन्हा आयर्लंडच्या कैदेत पाठवून दिलं. शत्रूच्या कैदेतून पळणं हे कर्तव्य असतं. पण उपयोगी पडणाऱ्या तटस्थाला दुखावणं परवडत नाही.

पुढे पुढे तर दोस्तांची विमानं ‘सरावासाठी’ उडताना उतरली असं आयर्लंडने मानायला सुरुवात केली. सराव म्हणजे लढाई नव्हे, म्हणजे कैद नको, म्हणजे सरहद्दीपर्यंत गाडी. जर्मनांना अटलांटिकवर सराव करण्याची सोय नव्हती, त्यामुळे ते कुंपणाआड राहिले. १९४३ च्या एप्रिलमध्ये क्लोनाकिल्टी गावाजवळच्या दलदलीत एक अमेरिकी बॉम्बफेकी विमान उतरलं. त्यात टोजो नावाचं माकड होतं. जपानच्या पंतप्रधानांच्या नावाचं. गावाने वैमानिकांची आणि माकडाची सारखीच सरबराई केली. वैमानिक उत्तरेकडे रवाना झाले. माकड तिथेच मेलं आणि त्याला इतमामाने पुरलं. त्या युद्धात टोजो नावाच्या कुणालाही दोस्त राष्ट्रांच्या मित्रांकडून मिळालेला हा एकमेव मान.

आणि हवामान. युरोपात हवा पश्चिमेकडून येते, म्हणजे आधी आयर्लंडवर आदळते. आयर्लंडने हवामानाच्या नोंदी ब्रिटनला देणं युद्धभर थांबवलं नाही. मेयो परगण्यात ब्लॅकसॉड इथे पोस्टात काम करणारी मॉरीन फ्लॅविन हवेचा दाब वाचून कळवत असे. ३ जून १९४४ हा तिचा एकविसावा वाढदिवस. त्या पहाटे पारा भराभर उतरत होता. तिने कळवलं. इंग्लंडहून फोन आला: पुन्हा तपासा, पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं. नॉर्मंडीची चढाई ५ जूनवरून ६ जूनवर गेली आणि बुडता बुडता वाचली. आपण काय केलं हे त्या मुलीला कैक वर्षांनी समजलं. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने तिचा गौरव केला २०२१ साली.

मात्र त्याच १९४४ च्या फेब्रुवारीत ग्रे काय करत होते? २१ तारखेला ते डी व्हॅलेरांच्या हाती एक खलिता देत होते. जर्मन आणि जपानी वकिलाती बंद करा, त्यांची माणसं हाकला, नाहीतर चढाईची गुपितं फुटतील. खरं तर जर्मन वकिलातीचं प्रसारणयंत्र डिसेंबरातच आयरिश सरकारने काढून घेऊन बँकेत कुलूपबंद केलं होतं. जर्मन हेर हर्मन ग्योर्ट्झ १९४१ पासून तुरुंगात होता. त्याची सांकेतिक लिपी आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक रिचर्ड हेज यांनी फोडली होती. ग्रंथपालाने लिपी फोडली आणि लेखकाने भुतं बोलावली. दोघांत वास्तवाशी जास्त सलगी कुणाची होती, हे वाचकांनीच ठरवावं.

खलित्यामागे ग्रे यांचा पुढचा बेत होता. डी व्हॅलेरा नाही म्हणतील, ते नाही कागदावर येईल आणि युद्धानंतर त्यांनी अमेरिकेतल्या आयरिश मतदारांना फाळणीविरुद्ध उठवायचं ठरवलं, तर तो कागद दाखवता येईल. डी व्हॅलेरा नाही म्हणाले. बातमी फुटली. आयर्लंडमध्ये लोकांना वाटलं, आता अमेरिकेचं सैन्य येतंय. घाबरलेला देश नेहमी करतो तेच त्याने केलं. तो आपल्या नेत्यामागे उभा राहिला. मे महिन्याच्या अखेरीस निवडणूक झाली आणि आदल्या वर्षी बहुमत गमावलेले डी व्हॅलेरा स्पष्ट बहुमताने परत आले. प्रचाराचं एवढं काम त्यांच्या स्वतःच्या पक्षातल्या कुणी केलं नसेल.

एव्हाना वाचकांना वाटू लागलं असेल की डी व्हॅलेरा म्हणजे धुतल्या तांदळासारखे. तर तसं नाही. २ मे १९४५ रोजी ते जर्मन राजदूत एडुआर्ड हेम्पेल यांच्या घरी गेले आणि हिटलरच्या मृत्यूबद्दल शोक व्यक्त केला. तोवर छळछावण्यांची छायाचित्रं जगभर पोचली होती. सालाझारने पोर्तुगालचे झेंडे अर्ध्यावर उतरवले होते, पण हुकूमशहाशी बरोबरी हा काही बचाव नव्हे. डी व्हॅलेरांचं म्हणणं असं, की रूझवेल्ट वारले तेव्हा शिष्टाचार पाळला, मग इथे न पाळून कसं चालेल? शिवाय हेम्पेल नेहमी सभ्यपणे वागले, ग्रे यांच्यासारखे नाहीत! राजदूताच्या चांगल्या वागणुकीचं बक्षीस म्हणून त्याच्या मालकाच्या मरणाचा शोक. गणिताच्या मास्तरांनी इथे पायऱ्या सगळ्या बरोबर लिहिल्या आणि उत्तर चुकवलं.

तेवढंच नाही. ज्यू निर्वासितांना या तटस्थ देशाने दार जवळपास बंदच ठेवलं. १९३९ पर्यंत बर्लिनमध्ये त्याचा राजदूत असलेला चार्ल्स ब्युली उघड ज्यूद्वेष्टा होता. याबद्दल आयर्लंडच्या न्यायमंत्र्यांनी जाहीर माफी मागितली ती २००३ साली. आयरिश सैन्य सोडून ब्रिटिशांकडून हिटलरशी लढायला गेलेल्या सुमारे ५००० जणांना १९४५ मध्ये एका फटक्यात बडतर्फ केलं आणि सात वर्षं सरकारी नोकरीची बंदी घातली. त्यांना माफी मिळाली २०१३ साली, म्हणजे बहुतेकांच्या हयातीनंतर. विमानांकडे काणाडोळा करण्याएवढा उदार असलेला देश माणसांच्या बाबतीत नेमका नियमावर बोट ठेवणारा निघाला. ग्रे यांना आयर्लंडला धारेवर धरायचंच होतं, तर ही जागा होती. त्यांनी बंद पडलेल्या प्रसारणयंत्रावर भांडण काढलं.

राहिले चर्चिल. १९४५ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच मंत्रिमंडळातले लॉर्ड क्रॅनबोर्न यांनी एक टिपण सादर केलं. त्यात आयर्लंडने युद्धात गुपचूप केलेल्या मदतीची यादी होती: विमानांना दिलेली वाट, हवामान, सोडून दिलेले वैमानिक, हेरांबद्दलची माहिती. म्हणजे सगळं कागदावर होतं. तरी १३ मे रोजी विजयाच्या भाषणात चर्चिलनी डी व्हॅलेरांना जाहीर झोडपलं. आम्हाला वाटलं असतं तर आम्ही आयर्लंड घेऊ शकलो असतो, पण आम्ही संयम पाळला, असं वर सुनावलं. १६ तारखेला डी व्हॅलेरांनी रेडिओवरून शांत आवाजात उत्तर दिलं. चर्चिलना त्यांच्या संयमाचं श्रेय दिलं आणि विचारलं, की एकटं उभं राहण्याचा एवढा अभिमान असेल, तर शतकानुशतकं एकट्या उभ्या राहिलेल्या लहान राष्ट्राबद्दल मनात थोडी जागा का नाही? दोन आठवड्यांपूर्वी हिटलरच्या शोकामुळे खाली गेलेली मान त्या एका भाषणाने वर आली. मॅफींनी कपाळावर हात मारून घेतला असणार. सहा वर्षं त्यांनी थेंब थेंब साठवलेलं त्यांच्याच पंतप्रधानांनी रेडिओसमोर सांडलं होतं.

लहान देशाच्या युद्धातल्या निवडीकडे मुत्सद्दी दोन प्रकारे पाहतात. एक जण विचारतो, हा काय बोलतो? दुसरा विचारतो, हा काय करतो? पहिल्याला भाषण मिळतं, दुसऱ्याला हवामानाचा अंदाज. लहान देशाला पुष्कळदा बोलण्याच्या उलटंच वागावं लागतं, कारण तोंड त्याला शेजाऱ्यांपासून सांभाळायचं असतं आणि हात इतिहासापासून.

आपण यात कुठे बसतो? युक्रेनच्या युद्धात युरोपने रशियन तेलावरून आपल्याला सुनावलं, तेव्हा परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी युरोपचे प्रश्न म्हणजे जगाचे प्रश्न नव्हेत, अशा अर्थाचं ठणकावलं आणि देशभर टाळ्या पडल्या. पडायलाच हव्या होत्या. पण काठमांडूने, थिम्पूने किंवा मालेने ‘तुमच्या आणि चीनच्या भांडणात आम्हाला ओढू नका’ असं नुसतं सुचवलं, तरी आपल्या वाहिन्यांवर रात्री नऊला आठ चौकटींमधून आठ डेव्हिड ग्रे ओरडू लागतात. आपली ती सामरिक स्वायत्तता, शेजाऱ्याचा तो कृतघ्नपणा.

एक साधी कसोटी सुचवतो. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन विमानांनी बेलफास्ट जाळलं. बेलफास्ट ब्रिटनचं, म्हणजे युद्धातलं. तिथे पाय ठेवणं हा तटस्थतेचा भंग ठरू शकला असता. डी व्हॅलेरांनी रातोरात सरहद्दीपलीकडे तेरा अग्निशामक बंब पाठवले. पुढल्याच महिन्यात जर्मन बॉम्ब डब्लिनच्या नॉर्थ स्ट्रँडवर पडले आणि २८ माणसं मेली. लहान देशाने कुठली बाजू घ्यावी हे सांगायला जे उठतील, त्यांनी आधी एवढंच जाहीर करावं, की त्याच्याकडे आग लागली तर आमच्याकडून किती बंब येतील. आकडा शून्य असेल, तर भाषणही तेवढंच लांब असावं.